टोपीची सावली

सेस हॅलमचं एक वाक्य अख्ख्या बुलानारा गावाला पाठ होतं. लग्नाचा नाहीतर बारशाचा फोटो काढून घ्यायला आलेला कोणी कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ बघून शर्टाचं टोक पुढे करायचा, आणि सेस त्याच्या मनगटावर फटका मारायचा. "हात लावायचा नाही. धूळ फोटोत दिसत नाही. धुळीवर पडलेलं ऊन दिसतं." माणूस तिरसट, पण बोलणं खरं. आमच्याकडची तांबडी धूळ म्हणजे नुसता घासकागद. पुसायला जाल तर काच जन्माची ओरखडेल, आणि मग ऊन जरा आडवं आलं की फोटोवर पांढरा पडदा. म्हणून सेस कान धुवायचा रबरी फुगा घेऊन काचेवर दोनदा फुसफुस करायचा आणि उरलेली धूळ तशीच ठेवायचा. ऊन तेवढं काचेवर येऊ द्यायचं नाही, की झालं.

आता हे ऊन अडवायचं कोणी? तर एव्हिसने. एव्हिस त्याची बायको.

वर्षातून एकदा, सप्टेंबरात, गावाच्या घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. ज्या कोणा शहाण्याने ते मैदान आखलं त्याने प्रेक्षकांचा मांडव पूर्वेला बांधला, म्हणजे शेवटची शर्यत, कपची शर्यत, साडेचारला सुटायची तेव्हा सूर्य थेट समोर, जरासा उजवीकडे. पंच मिस्टर टिंडल यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे घोडे जवळजवळ आले की निकाल सेसच्या फोटोवर. सेस कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, शर्यत संपते तिथला अलीकडचा खांब आणि पलीकडचा खांब एका रेषेत धरायचा, आणि एव्हिस त्याच्या उजव्या हाताला पेट्रोलच्या रिकाम्या पिंपावर उभी राहून त्याची टोपी हातभर पुढे धरायची. टोपीची सावली काचेवर पडली पाहिजे आणि टोपीची कड फोटोत येता कामा नये. एकोणीस वर्षं ती हे करत होती. एकोणीस वर्षांत एकदाही कड आली नाही की सावली सुटली नाही. त्याबद्दल तिला कोणी कधी शाब्बास म्हटलं नाही, आणि सेसने तर नाहीच.

"ही माझी बायको नव्हे, ही माझी टोपीची खुंटी," असं तो दर वर्षी कुंपणाला टेकलेल्या लोकांना ऐकवायचा. लोक दर वर्षी हसायचे. "आणि खुंटीने घोड्यांकडे बघायचं नसतं. खुंटीने काचेकडे बघायचं. काय गं?"

"हो," एव्हिस म्हणायची. दुसरं काय म्हणणार.

एक गोष्ट मात्र तिला सेसबरोबर हसायला आवडायची. शर्यत संपली की कुंपणावरचे लोक छातीठोकपणे सांगायचे, अमका घोडा पुढे होता, मी या डोळ्यांनी पाहिला. आणि फोटो यायचा तो उलटाच. कारण खांबांच्या रेषेत उभं असल्याशिवाय नाकाचा फरक कळत नाही. ज्या बाजूने घोडे येतात त्या बाजूला उभं राहिलं की आपल्या जवळचा घोडा पुढे वाटतो. पलीकडे जाऊन उभं राहिलं की लांबचा. हे एव्हिसला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. "उंटावरचे शहाणे," सेस म्हणायचा, आणि तोंडाला लावायला पदर नसल्याने तीही ओठांवर हात ठेवून हसायची.

त्या वर्षी तिला हसू नव्हतं. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. तिचा धाकटा भाऊ क्लॅरी गावापासून वीस मैलांवर एकटाच राहायचा. दोनशे गुरं, एक पडकं घर आणि टिली नावाची एक घोडी. मार्चमध्ये त्याच्या बोअरचा पाइप खालून गंजून कोसळला आणि पाणी गेलं; गुरं आटत चाललेल्या एका डबक्यावर कशीबशी तगली होती. दुष्काळात तेरावा महिना. शेजारी बॅस्कम, तालुक्यातला सगळ्यात मोठा जमीनदार, त्याची बोअर बरोबर कुंपणाच्या पलीकडे, रात्रंदिवस वाहती. पण बॅस्कम कोणाला फुकट पाणी पाजणारा नव्हता. त्याला टिली हवी होती. चार वर्षं मागत होता, क्लॅरी चार वर्षं नाही म्हणत होता.

मग एका शनिवारी पबात, सगळ्यांच्या देखत, पैज लागली. कपच्या शर्यतीत टिली बॅस्कमच्या रीजंटच्या पुढे आली तर क्लॅरीची गुरं पाच वर्षं बॅस्कमच्या बोअरवर पाणी पिणार. मागे पडली तर टिली बॅस्कमची. रीजंट साडेपाच वर्षांचा, धान्यावर वाढलेला. टिली नऊ वर्षांची, वाळक्या झुडपांवर जगलेली. गावाने क्लॅरीला वेड्यात काढलं.

शर्यतीच्या सकाळी तो एव्हिसला भेटायला पिंपापाशी आला. दाढी केली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

"क्लॅरी, अजून वेळ आहे. पैज मागे घे," ती म्हणाली.

"घोडीकडे बघितलंस का आज?"

"बघितलं. बरगड्या मोजता येतात तिच्या."

"बरगड्यांनी पळत नाहीत, एव्ही." तो हसला. "रीजंट पुढे आला काय नि मागे राहिला काय, नाकाच्याच फरकाने, म्हणजे गोष्ट फोटोवर येणार. तू फक्त टोपी नीट धर. बाकी ती बघेल."

"बहीण खांबापाशी म्हणून निश्चिंत आहे गडी," सेस फुगा दाबत मागून म्हणाला. "खुंटीवर भिस्त ठेवणारा पहिलाच माणूस बघतोय मी."

दिवसभर चार शर्यती झाल्या. प्रत्येक शर्यतीगणिक तांबडा लोट उठायचा आणि काचेवर बसायचा. सेस फुसफुस करायचा, काच होती तशी तांबूस राहायची. साडेचारला ऊन खाली उतरलं. एव्हिस पिंपावर चढली, टोपी पुढे धरली, सावलीची कड काचेच्या कड्यावर बरोबर बसवली. लांबवर शर्यत सुटायचा झेंडा पडला.

बारा घोडे होते. वळणावर बारांचे चार झाले, सरळ वाटेवर चारांचे दोन. हे ती बघत नव्हती, लोकांच्या ओरडण्यावरून तिला समजत होतं. टिली आतल्या कठड्याला चिकटून, म्हणजे तिच्यापासून लांब. रीजंट बाहेरून, तिच्या बाजूने, चढत चाललेला. "बॅस्कम, बॅस्कम" असा गलका वाढत गेला. एव्हिसने काचेकडे बघायचं होतं. एकोणीस वर्षं तिने काचेकडेच बघितलं होतं. पण जीव टांगणीला लागलेला असताना कोणती बाई काचेकडे बघेल? तिने मान वळवली.

आणि तिने पाहिलं, रीजंटचं नाक पुढे होतं. थोडंच, पण पुढे.

विचार असा तिने केलाच नाही. तीन वर्षांपूर्वी सेसच्या फिल्मला उजेड लागून फोटो नुसता पांढरा आला होता, तेव्हा मिस्टर टिंडल यांनी बरोबरी जाहीर केली होती आणि दोन्ही घोड्यांची नावं पाटीवर लागली होती. तेवढं तिच्या डोक्यात चमकून गेलं. फोटो आंधळा झाला तर बरोबरी. बरोबरी झाली तर पैज फिसकटली. पाणी नाही मिळणार, पण घोडी राहील. तिने टोपी खाली घेतली. सूर्य काचेवर पडला, त्याच क्षणी सेसने बटण दाबलं आणि घोडे खांब ओलांडून गेले.

सेसने मान वर केली. टोपी पुन्हा जागेवर होती. तो फिल्म घेऊन तंबूत गेला.

पंधरा मिनिटांनी त्याने ओला फोटो पंचांच्या टेबलावर ठेवला. घोड्यांचे पाय दिसत होते, मागचा भाग दिसत होता, जॉकींच्या पाठी दिसत होत्या. खांबापाशी, जिथे दोन नाकं असायला हवी होती, तिथे नुसता पांढरा झोत. काचेवरचा धुळीचा कण अन् कण पेटल्यासारखा.

"हे काय, सेस?" मिस्टर टिंडल फोटो डोळ्याला लावून म्हणाले.

"बायकोचा हात हलला," सेस म्हणाला.

"काच पुसायची होतीस मग," मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. सेसच्या मानेची शीर ताठ झाली.

मिस्टर टिंडल यांनी बरोबरी जाहीर केली.  पिंपाला धरून एव्हिस मनातल्या मनात देवाचे आभार मानू लागली. एवढ्यात बॅस्कम पुढे आला.

"बरोबरी पाटीवर लावा, माझी ना नाही," तो म्हणाला. "पण आमची पैज बरोबरीची नव्हती. आमच्या वडिलांच्या वेळी कपला बरोबरी झाली की घोड्यांना दम खाऊ द्यायचे आणि त्याच संध्याकाळी दोघांना परत पळवायचे. मी तयार आहे. क्लॅरी, तुझं काय?"

ही जुनी रीत खरीच होती. वीस वर्षांत कोणी पाळली नव्हती, पण होती. एव्हिसच्या ती ध्यानातसुद्धा नव्हती.

ती धावत टिलीपाशी गेली. घोडीच्या अंगावर घामाचा फेस होता आणि पुढच्या पायाची कातडी थरथरत होती. "नको पळवू, क्लॅरी. घोडी तुझ्याकडे राहिली ना? ने घरी."

"आणि गुरं?"

"गुरांचं बघू काहीतरी."

"काय बघू? दोनशे आहेत." तो घोडीचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होता. "ती हरलेली नाही, एव्ही. मी वळणापासून बघत होतो. मला माहीत आहे ती पुढे होती. तुमच्या फोटोत आलं नाही, तर परत दाखवेल."

मी तिला हरताना पाहिलंय, असं एव्हिसच्या जिभेवर आलं होतं. ते बोलायचं तर टोपीचंही बोलावं लागलं असतं.  आपलेच दात, आपलेच ओठ.

अर्ध्या तासाने दोन घोडे परत सुटले. ऊन क्षितिजाला टेकलं होतं, सेसने टोपी मागितलीही नाही. वळणावर टिली पुढे होती, चांगली दोन हात. मग तिचा डावा पुढचा पाय खाली पडला तो सरळ पडला नाही. आवाज मांडवापर्यंत आला. जॉकी पुढे फेकला गेला, लंगडत उठला. टिलीही उठली, तीन पायांवर, आणि चौथा लोंबत असताना आणखी दहा पावलं पळायला बघत होती. रीजंट एकटाच रमतगमत खांबावरून गेला.

हवालदाराने बंदूक आणली. क्लॅरीने ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः चालत वळणापर्यंत गेला. परत आला तेव्हा बॅस्कमने टोपी काढली होती.

"पैज मी जिंकलो," बॅस्कम म्हणाला. "पण मेलेली घोडी घेऊन मी काय करू? सोडून दिलं म्हण."

लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. पाण्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी पबात दोनच विषय होते, टिली आणि सेसची मळकी काच. जन्मभर दुसऱ्यांच्या मनगटावर फटके मारणाऱ्याची गावाने साग्रसंगीत परतफेड केली. कोणी त्याला खिशातला रुमाल देऊ केला, कोणी साबणाची वडी. सेस बिअर अर्धी टाकून घरी आला आणि बायकोशी एक शब्द न बोलता झोपला.

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजत असताना त्याने धुण्याच्या खोलीची खिडकी काळ्या कांबळ्याने बंद केली आणि एव्हिसला हाक मारली. तो फोटो तिथेच धुवायचा, आणि औषधाचा ट्रे हलवायचं काम तिचं.

"टोपी हलली नाही," लाल दिव्याखाली तो म्हणाला. "काढलीस. मी कॅमेऱ्यातूनच बघत होतो."

तिने ट्रे पुढे ओढला.

"मला धुळीत लोळवलंस तू. पण काच खोटं बोलत नसते. पांढऱ्याखाली जे असतं ते असतंच, बाहेर काढणारा पाहिजे." त्याने काळं-पांढरं ठळक उठवणारा सगळ्यात कडक कागद काढला. फिल्ममधून कागदावर उजेड सोडला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून बाकीचा फोटो झाकला. बोटांमधल्या फटीतून उजेड फक्त त्या पांढऱ्या झोतावर पडत होता. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. हात तसूभर हलला नाही. माणूस दुष्ट होता, पण कारागीर होता. मग कागद ट्रेमध्ये टाकला. "हलव."

एव्हिस ट्रे हलवत राहिली. आधी जॉकींच्या पाठी आल्या. मग आयाळ. मग झोत राखाडी होत गेला आणि त्यातून खांबाची काळी रेघ वर आली. रेघेपाशी एक नाक पोचत होतं, अजून टेकलेलं नव्हतं. ते रीजंटचं. दुसरं रेघेच्या पार गेलेलं होतं. त्याच्यावर पांढरा पट्टा होता. टिलीच्या नाकावर पांढरा पट्टा होता.

तिचा हात थांबला.

"हलव, डाग पडतील," सेस म्हणाला. फोटो पुरता उठल्यावर तो वाकून बघत राहिला आणि हसला. "बघ. तुझ्या बाजूने कोण पुढे दिसलं तुला? रीजंट ना? उंटावरची शहाणी."

"सेस, हा फाडून टाक."

"फाडू? वेडी आहेस का. बुधवारी पबात लावणार. कपचा फोटो दर वर्षी लागतो तिथे. अख्खं गाव मला साबण देतंय. त्यांना दिसू दे, धूळ होती, ऊन होतं, तरी सेस हॅलमने नाक काढलं."

"क्लॅरीला कळेल."

"तुझ्याकडे मंगळवारपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला आणि फोटो दोरीवर चिमटा लावून टांगला.

मंगळवारी तिने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वीस मैल गाडी चालवत गेली. क्लॅरी घोडीच्या आवाराचे वासे काढून रचत होता. तिने पुडकं पुढे केलं. त्याने आधी हात पँटला पुसले, मग घेतलं. कितीतरी वेळ बघत राहिला. आणि मग त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिने मान फिरवली.

"नाकपुडीभर," तो म्हणाला. "सांगत होतो ना मी? जिंकली होती ती. सेसने काढलं हे? मोठा माणूस आहे, मी उगाच नावं ठेवतो त्याला. मग शनिवारी का नाही दिसलं?"

"टोपी नव्हती."

"हात हलला म्हणाला तो. हलतो गं. एकोणीस वर्षांत एकदा हलला तर काय."

तिथेच गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण तो माफ करत होता, आणि ते तिला सोसेना.

"हलला नाही. मी काढली."

"का?"

"मला वाटलं ती हरली. वाटलं, फोटो आंधळा झाला तर बरोबरी देतील. घोडी तुझ्याकडे राहील."

क्लॅरीने फोटो वाशांच्या ढिगावर ठेवला. "तू उजवीकडे उभी असतेस. घोडे येतात त्या बाजूला."

"हो."

"तिथून बाहेरचाच पुढे दिसणार."

"हो."

"कुंपणावरच्या लोकांना हसतेस की तू. मला तूच शिकवलंयस हे." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सगळं गाव म्हणत होतं ती हरणार. मला त्याचं काही नव्हतं. म्हटलं, खांबापाशी एक माणूस आपलं आहे. तुझ्या डोळ्यांनासुद्धा ती हरलेलीच दिसली."

मागे शेगडीवर किटली उकळत होती. वीस मैल आलेल्या माणसाला आमच्याकडे चहा विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. त्याने विचारलं नाही. फोटो परत वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला. "लाव म्हणावं पबात," तो म्हणाला आणि पुढचा वासा उपटायला लागला.

फोटो लागला. गावाने सेसची पाठ थोपटली, आणि टोपीची गोष्ट सेसने स्वतःच दोन बिअरनंतर सगळ्यांना सांगितली. निकाल काही बदलला नाही. पाटीवर लागलेली नावं खाली उतरवत नाहीत. नोव्हेंबरात क्लॅरीची निम्मी गुरं मेली, उरलेली मिळेल त्या किमतीला गेली. नाताळनंतर त्याने जागा सोडली आणि बॅस्कमकडे कामाला लागला. काम काय, तर कुंपणाजवळच्या त्या बोअरचा पंप सांभाळायचा. एव्हिस रस्त्यात दिसली की तो टोपीला बोट लावायचा, परक्या बाईला लावतात तसं.

पुढच्या सप्टेंबरात साडेचारला एव्हिस पिंपावर चढत होती. सेस फुगा दाबत लोकांना सांगत होता, "खुंटी यंदा खिळा मारून बसवलीय." तेवढ्यात गर्दीतून क्लॅरी आला. त्याचा कुठलाच घोडा धावत नव्हता. तो पिंपापाशी उभा राहिला आणि हात पुढे केला.

"दे इकडे. मी धरतो."

 एव्हिसने टोपी भावाच्या हातात दिली आणि खाली उतरली. तो वर चढला, टोपी हातभर पुढे धरली, सावली काचेवर बसवली. झेंडा पडला, घोडे आले, लोक बोंबलले. त्याने एकदाही मान वळवली नाही.

एव्हिस कुंपणापाशी लोकांत जाऊन उभी होती. घोडे धुळीत निघून गेले, तशी शेजारच्या बाईने तिचा दंड धरून विचारलं, "कोण आला गं पुढे?"

"इथून नाही सांगता येत," एव्हिस म्हणाली.